डाव्या चपलांची रांग

आमच्या घराण्यात खोटं कोणी बोलत नाही. फक्त खरं जरा वाढून येतं, पाहुण्याच्या पानात वरण वाढून येतं तसं. पणजोबा होळकरांच्या पागेत घोड्यांना पाणी पाजायचे. आजोबांनी सांगताना त्यांना पागेचा दरोगा केलं, बाबांनी सरदार केलं, आणि माझ्यापर्यंत येईतो ते महाराजांना बाजूला घेऊन सल्ला द्यायला लागले होते. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यातून रुपयातले चार आणे वजा करायला माझी हरकत नाही. चपलांचा भाग मात्र पूर्ण मोजा. तो घडला तसाच आहे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. बी.कॉम. होऊन बसले होते, म्हणजे खरोखरच बसले होते, घरच्या सोफ्यात माझ्या आकाराचा खड्डा पडला होता. मग इंदौरात, लालबागच्या पलीकडे एका मिशनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम मिळालं. पेशंटची नावं रजिस्टरमध्ये लिहायची, नंबर लावायचे, आणि ज्याला आधी आत सोडलं नाही त्याच्या शिव्या खायच्या. दवाखाना सिस्टर लोक चालवायच्या. पांढऱ्या साड्या, रबरी चपला, आणि आवाज असा की वॉर्डातली मांजरंसुद्धा रांगेत चालायची. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "तुला बाटवणार तर नाहीत ना?" मी म्हटलं, "आई, टेन्शन नको घेऊ." चार वर्षांत त्यांनी माझ्यात एकच बदल घडवायचा प्रयत्न केला, मला वेळेवर यायला लावायचा, आणि त्यात येशूलाही यश आलं नाही.

तर तिथे एका सोमवारी पोलंडची एक मुलगी येऊन उतरली. वीस वर्षांची, पोटऱ्यांपर्यंत लांब स्कर्ट, आणि रंग इतका गोरा की दुपारी अंगणात उभी राहिली तर कबुतरं बिचकायची. वर्षभर सेवा करायला आली होती. पगार नाही, राहायला सिस्टरांच्या मागची खोली, जेवायला जे असेल ते. मोठ्या सिस्टर मूळच्या केरळच्या, पण तीस वर्षं इंदौरात राहून त्यांची हिंदी आमच्या गल्लीतल्या कचोरीवाल्यासारखी झाली होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं. (त्या हिंदीतच बोलायच्या, मी इथे बरंचसं मराठीत लिहिते आहे.)

"बेटा, हिला सांभाळायचं. सगळं समजावून सांगायचं. सहा आठवडे बघू. जमलं तर वर्षभर ठेवू, नाही तर घरी पाठवू. मागच्या दोघांना पाठवलं तसं."

"म्हणजे हिची परीक्षा आहे?"

"परीक्षा आमची असते," त्या म्हणाल्या, "पण जातात त्या."

त्या मुलीला हे सहा आठवड्यांचं माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी कापसाचे बोळे करता करता तिने मला सांगितलं. आमची भाषा म्हणजे तिचं इंग्रजी, माझं इंग्रजी आणि चार हात. ती म्हणाली, आधी नर्सिंगला गेले, सोडलं. मग काकाच्या बेकरीत गेले, तेही सोडलं. गावाच्या चर्चमध्ये निरोपाला सगळे जमले होते, आणि मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, ईस्टरच्या आत परत येते की नाही बघ. "ह्या वेळी परत गेले," ती म्हणाली, "तर मग माझ्याबद्दल त्या बरोबर आहेत."

मी म्हटलं, "कशाला जाशील? अपन आहे ना."

आता माझ्यासारख्या बाईच्या हातात असं माणूस देणं म्हणजे माकडाच्या हातात टेपरेकॉर्डर. ती सगळं विचारायची आणि सगळं एका काळ्या वहीत लिहून घ्यायची. लोक मान अशी का हलवतात? गाईला पोळी कोण देतं? दुकानदाराने लिंबू-मिरची कोणासाठी बांधली? पहिले दोन दिवस मी इमानदारीत उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी मला गंमत अशी कळली की खऱ्या उत्तरांवर तिचा विश्वासच बसत नव्हता. मी सांगितलं, सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मोठ्या सिस्टर बघायच्या. मी सांगितलं, कचऱ्याची गाडी सकाळी गाणं म्हणत येते आणि लोक ओला, सुका असे वेगवेगळे डबे घेऊन धावत सुटतात. ती म्हणाली, "यू आर जोकिंग." सकाळी सकाळी पोह्यांबरोबर जलेबी खातात, हे तर तिने समोर ताटली आल्यावरही मानलं नाही. तिला वाटलं जलेबी चुकून पडली.

आणि जेव्हा मी म्हटलं की इंदौरात मांजर आडवी गेली तर तिला नमस्कार करून नाव विचारायचं असतं, तेव्हा तिने ते शांतपणे लिहून घेतलं.

मग काय. पेन चालतंय म्हटल्यावर मी गाडी सोडली. मी तिला सांगितलं की ज्या घरात दोन प्रेशर कुकर एकदम शिट्टी देतात त्या घरात लग्न ठरतं. मी सांगितलं की पाणीपुरी खाताना बोलणाऱ्याची जीभ गळून पडलेली माझ्या मावशीने पाहिली आहे. कोणाला "भिया", म्हणजे भाऊ, म्हणावं असं तिने विचारलं, मी म्हटलं सगळ्यांना. त्यामुळे ती मोठ्या सिस्टरना, पोस्टमनला आणि मागच्या अंगणातल्या बकरीला "भिया" म्हणायची. बकरीने ते मनावर घेतलं नाही. सिस्टरनी घेतलं.

तिच्या डोक्याचा तोवर भाजीबाजार झाला होता. वॉर्डात कोणी काही सांगितलं की ती माझ्याकडे बघायची, हे खरं की ते? आणि मी अशा चेहऱ्याने उभी राहायचे की त्यावरून पावसाचासुद्धा अंदाज बांधता येऊ नये.

आता चपलांचं.

महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी, बाहेरगावाहून मोठे डॉक्टर यायचे. मोतीबिंदूचे पेशंट तपासून ऑपरेशनची तारीख द्यायचे. ते तीसच पेशंट बघायचे. एकतिसाव्याला साक्षात ब्रह्मदेव घेऊन आला असता तरी नाही, कारण दुपारी त्यांची गाडी असायची. त्यामुळे गावोगावचे लोक आदल्या संध्याकाळीच येऊन पडायचे, आणि पहाटे गेटबाहेर लाइन लागायची. पण माणसांची नाही. माणूस लाइनमध्ये उभा राहिला तर चहा कोण पिणार, तोंड कोण धुणार? म्हणून प्रत्येक जण आपली डावी चप्पल लाइनमध्ये ठेवून मोकळा व्हायचा. एकच, कारण जोडी ठेवली तर जोडी जाते. एका चपलेचं चोर काय करणार. आठ वाजता गेट उघडलं की जो तो आपल्या चपलेपाशी येऊन उभा राहायचा आणि मी त्या क्रमाने नावं लिहायची. तोवर मी त्या लाइनमध्ये कधी भांडण पाहिलं नव्हतं. माणूस माणसाला ढकलतो. दुसऱ्याच्या चपलेला कोणी हात लावत नाही.

ही पोलंडची पाहुणी आली त्याच आठवड्यात असा गुरुवार होता. साडेसातला ती माझ्याबरोबर गेटाशी आली आणि थबकली. समोर मोकळ्या जागेत चाळीस-पन्नास चपला, एकामागे एक, सगळ्या डाव्या, आणि आसपास माणूस नाही.

"हे काय आहे?"

दहा मिनिटं उशीर झाला होता, पोटात पोहे नव्हते, आणि तो सकाळपासूनचा तिचा एकविसावा प्रश्न होता. मी म्हटलं, "नवस."

"म्हणजे?"

"ज्याचे डोळे बरे होतात तो एक चप्पल इथे आणून ठेवतो. दुसरी घरी देवापाशी. म्हणजे अर्धी वाट देवाने चालवली, असं."

खरं सांगते, हे मला कसं सुचलं माहीत नाही. पण तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "आमच्याकडेही आहे. बरे झालेले लोक कुबड्या आणून चर्चच्या भिंतीला टांगतात." आणि तिने वहीत पानभर लिहिलं. मी म्हणणार होते की अगं, गंमत केली. पण तेवढ्यात आतून सिस्टरांनी तिला पट्ट्या गुंडाळायला हाक मारली, गेट उघडलं, मी रजिस्टरला लागले, आणि ते राहिलं. पुढे चार आठवडे लाइन लागलीच नाही, रोजचे पेशंट ते किती असणार. मीही विसरले. माणसाने सांगितलेलं सगळं लक्षात ठेवलं तर नवीन सांगायला जागा कुठून राहणार?

त्या दिवशी तेहेतिसाव्या नंबरावर एक म्हातारी होती, देपालपूरच्या पलीकडल्या एका खेड्यातली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चालताना भिंतीला हात लावून चालायची. डॉक्टर निघून गेले म्हटल्यावर ती भिंत चाचपत निघाली. मीच म्हटलं, "बाई, पुढच्या महिन्यात लवकर या. आदल्या दिवशीच या."

ती आली. डॉक्टरांच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारीच आली, आणि पहाटे तिने आपली चप्पल ठेवली.

मी गुरुवारी साडेसातला पोहोचले तर गेटापुढे एक चप्पल नाही. मोकळी जागा स्वच्छ, वर पाणी शिंपडलेलं. मागच्या बाजूला प्रार्थनेच्या खोलीची पडवी होती, तिथे गेले. पडवीत चाळीसेक डाव्या चपला, साबणाने धुतलेल्या, लहान-मोठ्या मापाने ओळीत लावलेल्या, पुढे दोन मेणबत्त्या. आणि आमची पाहुणी बाह्या वर करून एका प्लास्टिकच्या चपलेतलं शेण टूथब्रशने काढते आहे.

"गुड मॉर्निंग, भिया!" ती म्हणाली. इतकी खूश मी तिला आधी पाहिलेली नव्हती.

"कोणी अडवलं नाही तुला?"

"नाही. दोघांनी तर हात जोडून माझ्या हातातच दिल्या."

नंतर कळलं, गेटाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसलेल्यांनी तिला चपला उचलताना पाहिलं होतं. पण गोरी बाई, दवाखान्याची, सकाळी सहाला इतक्या आदराने उचलते आहे म्हणजे काहीतरी नवा नियम निघाला असणार, असं त्यांना वाटलं. मागून आलेल्या दोघांना वाटलं, नंबर आता हिच्याकडेच लागतो.

आठ वाजता गेट उघडलं आणि अर्ध्या अनवाणी लोकांचा पूर आला. "ओ मेडम, चप्पल रखी थी अपन ने, पांच बजे से!" "मेरा दूसरा नंबर था!" "दूसरा तो मेरा था, भिया, तुम तो चाय पी रिये थे!" पन्नास माणसं आणि सगळ्यांचा नंबर दुसरा. पहिला म्हणायची छाती कोणाची नव्हती. पडवीतल्या चपला ओळखून प्रत्येकाने आपापली घेतली, पण चप्पल मिळून उपयोग काय? मापाने लावलेल्या ओळीत क्रम कुठून येणार? तोवर न झालेली सगळी भांडणं त्या दहा मिनिटांत झाली. शेवटी जे माझ्या टेबलापर्यंत पोहोचले त्यांची नावं मी लिहिली. पोहोचले ते तरणे, किंवा ज्यांच्याबरोबर तरणी मुलं होती ते.

म्हातारी पडवीत चपला चाचपत होती. माळवीत "म्हारी जूती कां?" म्हणत होती, माझी चप्पल कुठे. मी तिची शोधून दिली. ती सगळ्यात छोटी, म्हणून ओळीत पहिली होती. ती ओली आहे हे बोटांना कळल्यावर तिने विचारलं, "या धोई कुण ने?" मग हळूच म्हणाली, "म्हारो नंबर चौथो थो." तीस नावं तोवर संपली होती.

दुपारी डॉक्टर गेल्यावर मोठ्या सिस्टरनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर एक कागद होता आणि त्यांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं. पाहुणीचा चेहरा ताकासारखा.

आता इथे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणी न विचारता खरं बोलले. "सिस्टर, चूक माझी आहे. मीच तिला सांगितलं की त्या चपला नवसाच्या आहेत."

सिस्टरनी चष्मा वर केला. "मागच्या सोमवारी तुला उशीर का झाला होता?"

"...गल्लीत हत्ती आडवा आला होता."

"त्याच्या आधी?"

"टाकीत मगर निघाली होती. पण सिस्टर, हे खरं आहे!"

"तुझं मन चांगलं आहे, बेटा. मैत्रिणीला वाचवायला बघतेस. पण असं मी तरी कोणाला सांगितलं नसतं, नवस आणि एक चप्पल! जरा तरी पटेल असं बोलायचं."

माझी लाज अशी की मला रागच आला. इतकी चांगली थाप, आणि पटत नाही म्हणतात! मी म्हटलं, "तिच्या वहीत लिहिलेलं आहे. बघा तुम्ही."

वही टेबलावर आली. पान उघडलं. सगळं पोलिश. सिस्टर म्हणाल्या, "वाच."

पाहुणीने पानावर नजर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाली, "इथे लिहिलं आहे: चपला. का ठेवतात माहीत नाही. विचारायचं. आणि मी विचारलं नाही. चूक माझी."

मी बघतच राहिले. पानावर चपलेचं चित्र होतं, चपलेभोवती किरणं काढलेली होती, आणि ही बाई सिस्टरच्या तोंडावर, येशूच्या फोटोखाली, सरळ खोटं बोलत होती. तेही इतक्या सफाईने, की माझ्या घराण्यात तीन पिढ्या घालूनही कोणाला जमलं नसतं.

सिस्टरनी ते चित्र पाहिलं असणार. त्या कितीतरी वेळ पानाकडे बघत होत्या. मग वही मिटून परत दिली. "न विचारता हात लावला, त्यात एका आंधळ्या बाईचा नंबर गेला. रविवारी मी तिकडे पोलंडला पत्र पाठवते. तू घरी जा."

पाहुणी रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "ती बाई पुढच्या महिन्यात येईल का?"

"येईल."

"नाही येणार," पाहुणी म्हणाली. "दोनदा परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा घरातून निघत नाही. मला माहीत आहे. मला तिला आणू दे. मग पाठवा."

सिस्टरनी पेनला टोपण लावलं. "पुढच्या डॉक्टरांच्या दिवसापर्यंत," त्या म्हणाल्या. "पत्र लिहून ठेवते. तारीख तेवढी घालायची राहील."

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "खोटं का बोललीस?"

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "तूच सांगितलं होतंस. दुसऱ्या आठवड्यात. इंदौरात मैत्रिणीसाठी खोटं बोललं तर ते मोजत नाहीत."

मी असं म्हटलं होतं? मला आठवत नाही. म्हटलंही असेन. पण ही तेव्हा माझी थट्टा करत होती की खरंच तसं मानत होती, हे मला कळलं नाही. वॉर्डात ती ज्या नजरेने माझ्याकडे बघायची, त्या नजरेने मी तिच्याकडे बघत उभी होते.

दोन आठवड्यांनी आम्ही बसने देपालपूरला गेलो आणि तिथून पुढे त्या खेड्यात. रजिस्टरमध्ये पत्ता होता. गावात शिरल्यापासून आमच्यामागे जी मिरवणूक लागली तिच्यात दोन ट्रॅक्टर होते; एक वजा करा. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत होती. आवाजावरून तिने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

"अब म्हूं नी आऊं," ती म्हणाली. सून म्हणाली, दोन खेपा घातल्या, आता शेतातलं काम टाकून आदल्या दिवशी हिच्याबरोबर कोण जाणार? सकाळच्या पहिल्या बसने आलं तर आठ वाजून जातात. लाइनमध्ये कोण राहील?

मी ते पाहुणीला समजावलं. काही न मिसळता, शब्दाला शब्द. त्याने माझं डोकं दुखायला लागलं. पाहुणीने छातीवर हात ठेवला आणि तिला येत होत्या तेवढ्या हिंदीत म्हणाली, "मैं रहूँगी, भिया."

म्हातारीने तिचा हात चाचपला. बोटं, नखं, मनगट. "या वाईज है?" तिने मला विचारलं. "जूती धोवा वाली?"

मी म्हटलं, "हो, तीच."

मला वाटलं आता काठी येते. म्हातारी बराच वेळ लसणाची सालं झटकत बसली. मग तिने ओट्याखालून आपली डावी चप्पल पायाने ओढली आणि पाहुणीच्या मांडीवर ठेवली. "राख दीजो. पण धोजो मती." ठेव, पण धुऊ नकोस.

पुढच्या डॉक्टरांच्या गुरुवारी मी सकाळी सहाला दवाखान्यात होते. हे वाक्य आमच्या घरात अजून कोणी मानत नाही. गेटाला लागून म्हातारीची चप्पल पहिली, आणि तिच्या शेजारी पाहुणी जमिनीवर बसलेली. लोक येत होते, आपापली चप्पल मागे लावत होते आणि तिला म्हणत होते, "दीदी, जाओ, चाय पी लो, कोई नहीं छूता." ती हलली नाही. तिला विश्वास नव्हता असं नाही. मला वाटतं, स्वतःवर नव्हता.

आठ वाजले. गेट उघडलं. जो तो आपल्या चपलेपाशी. म्हातारी नाही. बस आली नव्हती.

आता नियम असा की नावं लिहिताना चपलेपाशी माणूस नसेल तर नंबर गेला. हा नियम कोणी लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. दुसऱ्या चपलेचा मालक, एक ट्रकवाला, म्हणाला, "मेडम, चप्पल है, आदमी किधर है? आगे बढ़ो." मागून आवाज चढायला लागले. सिस्टर वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, हात बांधून. माझं पेन कागदावर टेकलेलं आणि मला एकही थाप सुचत नव्हती. एक नाही!

पाहुणी उठली. तिने आपल्या डाव्या पायातली सँडल काढून बाजूला फेकली आणि म्हातारीच्या चपलेत पाय घातला. अर्धी टाच बाहेर. आणि उभी राहिली.

"ये क्या हुआ?" ट्रकवाला म्हणाला. "इनकी आँख तो अच्छी है!"

मी लाइनकडे बघितलं, लाइनमधल्यांनी आपापल्या मागे बघितलं. शेवटी लाइनमधला एक पागोटेवाला बाबा पुढे आला, खाली वाकला, आणि एका चांगल्या डोळ्याने त्या चपलेकडे नीट बघून म्हणाला, "जूती में पग है के नी?"

"है तो सही."

"तो लिखो, बई. जूती खाली तो नी है."

ट्रकवाल्याने डोकं खाजवलं आणि आपल्या चपलेत पाय घातला. मी एक नंबरला म्हातारीचं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की नंतर डॉक्टरांनी मला ते वाचायला लावलं.

वीस मिनिटांनी म्हातारी आली, सुनेचा खांदा धरून, एक पाय अनवाणी. डॉक्टरांनी तपासलं आणि उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली, पुढच्याच आठवड्यातली.

दुपारी आम्ही दोघी पायरीपाशी जाऊन उभ्या राहिलो. पत्र सिस्टरच्या हातात होतं, मी लांबूनच ओळखलं. त्या म्हणाल्या, "ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालावे लागतात. सुनेला शेत आहे. कोणीतरी तिकडे जाऊन राहायला हवं."

"म्हणजे ही राहणार?" मी विचारलं.

"असं मी म्हटलं का? थेंब घालायचे आहेत, एवढंच म्हटलं." त्यांनी पत्राची घडी अजून लहान केली आणि त्या आत गेल्या.

पाहुणीने माझी बाही ओढली. "हो म्हणाल्या की नाही?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कितीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

तिने ते खरं मानलं की नाही, तेही मला माहीत नाही. ती थेंबांच्या बाटल्या मोजून घ्यायला औषधांच्या खोलीकडे धावत सुटली, एका पायात सँडल, एका पायात ती अर्ध्या टाचेची चप्पल, आणि निंबाखालून म्हातारी तिच्यामागे ओरडत होती, "ओ बई! म्हारी जूती तो दे जा!"